शेवटचं नीट कधी बोलले?

आमच्या घरात अबोल्याचे नियम होते. कुणी लिहून ठेवले नव्हते, पण पस्तीस वर्षांत एकदाही मोडले गेले नव्हते. चहा करायचा, पण हातात द्यायचा नाही; टेबलावर ठेवायचा आणि कप जरा आपटायचा, म्हणजे ठेवल्याचं कळतं. एकमेकांचा फोन वाजला तर उचलायचा नाही. काही सांगणं अगदीच भाग असेल तर ते हवेला सांगायचं. "उद्या पाणी येणार नाहीये म्हणे," असं मी खिडकीला सांगायचे आणि हे उठून बादल्या भरायला लागायचे. ज्यांच्या घरात मुलं असतात त्यांची सोय असते. "जा, बाबांना सांग जेवायला वाढलंय," एवढं म्हटलं की भागतं. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे आमचा कारभार खिडकी, पंखा आणि कुकर यांच्यामार्फत चालायचा.

नवऱ्याला मी घरात 'अहो' म्हणते आणि बाहेर 'हे', तेव्हा इथेही तसंच लिहिते. हे पाटबंधारे खात्यात आरेखक होते. कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढण्यात नोकरी गेली. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. दोघंही मूळचे भंडाऱ्याकडचे. बदली झाली म्हणून पुण्यात आलो आणि वारज्यात फ्लॅट घेतला, तेव्हा खिडकीतून ज्वारीचं शेत दिसायचं. आता समोरच्या बिल्डिंगमधल्यांचा टीव्ही दिसतो. दोघंही निवृत्त, दोघंही तापट. फरक इतकाच की मी बोलून मोकळी होते आणि हे एक वाक्य बोलतात, ते चार दिवस टोचत राहतं.

त्या रविवारी भांडण झालं ते कढीपत्त्यावरून. माहेराहून रोप आणून मी तो गॅलरीत वाढवला होता. मी भाजी आणायला गेले असताना यांनी त्याची छाटणी केली. छाटणी कसली, दोन खुंट उरले. मी म्हटलं, "मला एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही?" तर म्हणाले, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून नाही विचारलं." यावर जे बोलायचं ते मी बोलले. त्यांनीही ऐकवायचं ते ऐकवलं. चारच्या सुमारास दोघांकडचे शब्द संपले आणि अबोला सुरू झाला. सोमवार तसाच गेला.

मंगळवारी सकाळी हे नेहमीप्रमाणे सहाला टेकडीवर फिरायला गेले. परत आले तेव्हा पावणेआठ व्हायचे होते. मी ओट्याशी होते. लॅच उघडल्याचा आवाज आला, बूट काढल्याचा आला, पंखा लागला. मी वळून पाहिलं नाही. अबोल्यात वळून बघणं म्हणजे अर्धी हार. चहाचा कप नेऊन त्यांच्या मागच्या टेबलावर आपटला आणि आत आले. ते खुर्चीत बसले होते, खुर्चीची पाठ माझ्याकडे.

आठ वाजता पोहे झाले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पंख्याला सांगितलं, "पोहे झालेत. ज्याला खायचेत त्यानं घ्यावेत."

उत्तर आलं नाही. ते यायचंच नव्हतं. पण एरवी खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, तोही आला नाही. मी मनात म्हटलं, आता राग अन्नावर काढतायत का? काढा. पोटाला कळेल तेव्हा उठतील. मी माझे पोहे खाल्ले. कपड्यांचं मशीन लावलं, आंघोळ केली, कपडे वाळत घातले. गॅलरीत जाताना आणि येताना दोनदा त्यांच्या खुर्चीमागून गेले. दोन्ही वेळा मला त्यांचं डोकं दिसलं आणि दोन्ही वेळा मी मान ताठ ठेवून गेले.

दहाला त्यांचा फोन वाजला. वाजून थांबला, परत वाजला. फोन त्यांच्याच मांडीवर होता. नियमाप्रमाणे मी लक्ष द्यायला नको होतं, पण तिसऱ्यांदा वाजला तेव्हा माझं डोकं फिरलं. कुणावर तरी चिडायचं म्हणून मी फोनवर चिडले आणि तरातरा समोर गेले. त्यांनी डाव्या हातात फोन उलटा धरला होता आणि त्याच्या पाठीवर बोट फिरवत होते. मला बघून त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "कपाट."

त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहायलाच हवं. मला वाटलं, हे नाटक करतायत. माझी थट्टा चालली आहे. "कसलं कपाट?" मी फटकन विचारलं. ते पुन्हा म्हणाले, "कपाट. कपाट." तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. उजवा कोपरा खाली ओघळला होता. उजवा हात मांडीवरून घसरून खुर्चीच्या कडेला लोंबत होता आणि त्यांना ते कळलेलंसुद्धा दिसत नव्हतं. "अहो," मी म्हटलं. दोन दिवसांनी म्हटलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही एकाच डोळ्यातून.

तळमजल्यावरच्या काकांकडे गाडी आहे. मी जिना उतरून त्यांच्या दारात उभी राहिले आणि कधी झालं, कसं झालं, आता कुठे न्यायचं असं एका दमात विचारत सुटले. ते म्हणाले, "वहिनी, प्रश्न गाडीत विचारा. आधी चपला घाला." मी अनवाणी होते. काकांनी आणि वॉचमननं मिळून यांना खुर्चीसकट खाली आणलं. कर्वे रस्त्याला गाड्या मुंगीच्या पावलानं चालल्या होत्या. मी मागच्या सीटवर यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत धरून बसले होते. हाताला वजन होतं, पण हात कुणाचाच नव्हता.

हॉस्पिटलात अकराला दहा कमी असताना पोचलो. तातडीच्या विभागातली डॉक्टर माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची होती. तिनं यांना हात उचलायला लावले, हसायला लावलं, पेन दाखवून हे काय विचारलं. हे म्हणाले, "कपाट." तिनं लगेच मेंदूच्या स्कॅनला पाठवलं आणि स्ट्रेचरबरोबर चालता चालता मला विचारलं, "शेवटचं नीट कधी बोलले?"

"रविवारी दुपारी," मी म्हटलं.

ती थांबली. "आज मंगळवार आहे."

"हो."

"म्हणजे दोन दिवसांपासून बोलता येत नाहीये?"

"बोलता येत होतं. माझ्याशी बोलत नव्हते." आणि मग, त्या पांढऱ्या उजेडात, दोन नर्स आणि खालचे काका ऐकत असताना, मी म्हटलं, "आमचा अबोला होता."

ती हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. तिनं मला नीट समजावून सांगितलं. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्रास कधी सुरू झाला हे कुणी पाहिलं नसेल, तर माणूस शेवटचा धड कधी होता तिथून वेळ मोजतात. रविवार दुपारपासून मोजली तर इंजेक्शन देता येणार नव्हतं. "आज सकाळी ते कुणाशी बोलले? कुणाशीही. आठवा."

काय आठवू? आयुष्यभर मुलांना सांगत आले होते, येत नसेल तर येत नाही म्हणा, उगाच ततपप करू नका. आता मीच ततपप करत होते. सकाळी सहा ते पावणेआठ माझा नवरा कुणाबरोबर असतो, हे मला माहीत नव्हतं. टेकडीवर 'मंडळी' असतात एवढं माहीत होतं. एका छताखाली इतकी वर्षं काढली आणि त्या मंडळींतल्या एकाचंही नाव मला सांगता येत नव्हतं.

त्यांचा फोन माझ्या पिशवीत होता. तो उघडायचा कसा, तेही ठाऊक नव्हतं. स्कॅनच्या खोलीबाहेर स्ट्रेचर मिनिटभर थांबलं, तेव्हा मी त्यांचा उजवा अंगठा धरला आणि फोनवर टेकवला. उघडला. त्या अंगठ्याचा फोनला उपयोग होता, त्यांना नव्हता.

हे माणसांची नावं साठवत नाहीत, खुणा साठवतात. दूध. गॅस. पेन्शन. टेकडी काठी. टेकडी टोपी. मी 'घर' होते. दहा वाजताचे तीन फोन 'टेकडी टोपी'चे होते. मी तो नंबर लावला आणि काय झालंय ते सांगितलं.

"अरेरे," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "सकाळी तर उत्तम होते की हो. उद्या उशिरा निघू, हे सांगायला मी फोन करत होतो."

"बोलत होते? नीट?"

"नीट म्हणजे? सगळा रस्ता तेच बोलत होते. तुमच्या कढीपत्त्यावर हसून हसून आमची पुरेवाट झाली. तुमचा आवाजही काढतात ते, रागावू नका हं. खाली फाटकापाशी 'येतो' म्हणाले आणि गेले. सात वीसला. मी तिथे घड्याळ बघतोच, माझी गोळीची वेळ असते."

सात वीस, मी डॉक्टरला सांगितलं. "नक्की?" नक्की. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. कागद पुढे आला. इंजेक्शननं क्वचित मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, त्याला संमती हवी. "सोबत कोण आहे?" मी. "आणखी कोणी?" मीच. सही केली. सव्वाअकराला इंजेक्शन सुरू झालं. सगळा वेळ माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती त्या वेळी घोळू नये अशीच होती: दोन दिवस यांच्याकडे माझ्यासाठी एक शब्द नव्हता आणि टेकडीवर सगळ्या रस्त्याला पुरेल एवढं बोलणं होतं. मला राग आला. आयसीयूच्या बंद दारासमोर बसून मी त्यांच्यावर रागावले होते, आणि हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं. काका एक वाजेपर्यंत थांबून घरी गेले होते. त्यांचीही बायको वाट बघत होती.

संध्याकाळी कपडे आणि गोळ्यांची यादी न्यायला मी घरी आले. चहाचा कप टेबलावर तसाच होता, वर जाड साय धरलेली. मी तो उचलून खिडकीपाशी नेला आणि न्याहाळला, जणू कपावर वेळ लिहिलेली असणार होती. खुर्चीखाली पेपर पडला होता. हे आल्या आल्या आधी शब्दकोडं सोडवायला घेतात, पेननं, खाडाखोड न करता. दोन शब्द त्यांच्या आरेखकाच्या अक्षरात अगदी चौकोनात बसवलेले होते. तिसऱ्या शब्दाची रेघ चौकटीबाहेर गेली होती आणि तिथून खाली घसरत जाहिरातीपर्यंत. म्हणजे घरी आले तेव्हा ठीक होते. दोन शब्द होईपर्यंत ठीक होते. पण ते दोन शब्द पावणेआठला लिहिले की सव्वाआठला? मी पंख्याला सांगितलं तेव्हा तिसरा शब्द झाला होता की व्हायचा होता? मी त्या खुर्चीत बसून कोडं सोडवून पाहिलं. मला एकूण सहा मिनिटं लागली. त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

त्यानंतर मी भेटेल त्याला विचारत सुटले. मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांना, फिजिओथेरपीवाल्यांना, वॉर्डातल्या सिस्टरना. नेमकं कधी सुरू झालं असेल? सात वीस ते दहा, यात कधीही, असं सगळे म्हणायचे. आठला आले असते तर फरक पडला असता का? लवकर आलेलं केव्हाही चांगलं, पण तुम्ही वेळेत आलात, असं म्हणायचे. शाळेत करतात तसा मी प्रश्न फिरवून फिरवून विचारायचे. शेवटी मोठे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, एमआरआयमध्ये घड्याळ दिसत नाही." त्यांचं बरोबरच होतं. पण त्यांना घरी जाऊन त्या खुर्चीमागून ये-जा करायची नव्हती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉर्डात यांनी एकदम वंदना म्हटली. आमच्या घरी रोज दिवेलागणीला आम्ही बुद्धवंदना म्हणतो, लहानपणापासून. मी पलंगापाशी बसून हळू आवाजात सुरुवात केली आणि यांनी ती उचलली. पाली भाषेतली, अख्खी, एकही अक्षर न चुकता, नेहमीच्या चालीत. शेजारच्या पलंगावरचे नातेवाईक उठून बघायला लागले. मी धावत सिस्टरना बोलावलं. "आता म्हणा, चहा," मी म्हटलं. ते म्हणाले, "कपाट." डॉक्टरांनी सांगितलं की जे पाठ असतं, घोकून घोकून बसलेलं असतं, ते मेंदूतून वेगळ्या वाटेनं येतं. स्वतःचं, नवं वाक्य जुळवायचं तेच जड जातं. मला आनंद व्हायला हवा होता. पण ते शब्द माझ्यासाठी नव्हते.

दहा दिवसांनी घरी आलो. पाय जवळपास सुधारला, हात अर्धा. बोलणं मात्र आलं नाही. आणि आमच्या घरात अशी शांतता सुरू झाली की आधीचे सगळे अबोले मला सुखाचे वाटायला लागले. त्या अबोल्यात पलीकडे शब्द साचतायत हे माहीत असायचं. आज ना उद्या ते तिरकस काहीतरी बोलणार आणि मी उसळणार, याची खात्री असायची. आता मी दिवसभर एकटीच बोलायचे, भाजी काय करू, पंखा वाढवू का, बाहेर कुणाचं भांडण चाललंय. माझ्या टोमण्याला उलटा टोमणा यायचा नाही. ते मला जेवढं लागलं तेवढं दुसरं काही लागलं नाही. नातेवाईकांचे फोन यायचे. "नेमकं झालं तरी कसं?" मी सांगायचे, दहा वाजता लक्षात आलं, लगेच नेलं. आठ वाजताचं मी कुणालाच सांगितलं नाही.

सांगितलं ते एकदा यांनाच. जेवण झाल्यावर त्यांचं तोंड पुसता पुसता मी विचारलं, "अहो, मी पोहे झालेत म्हटलं ना, तेव्हा तुम्हाला बोलता येत होतं का? की तुम्ही मला हाक मारत होता आणि मी ऐकलं नाही?" त्यांचा घसा हलला. "ख... खिडकी," म्हणाले, आणि स्वतःच्याच शब्दावर चिडून त्यांनी डावा हात टेबलावर आपटला. मी म्हटलं, राहू द्या. आणि भांडी घासायला गेले, कारण रडायचं तर नळ चालू असलेला बरा.

मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना सदाशिव पेठेत वाचा-उपचारांच्या क्लिनिकमध्ये नेते. पहिला मजला, अरुंद जिना, बाहेर एक बाक. आत बाई चित्रं दाखवतात आणि हे शब्द म्हणतात. मधे प्लायवूडची भिंत आहे, त्यामुळे सगळं ऐकू येतं. पाणी. पंखा. पिशवी. मी बाकावर बसून मनातल्या मनात त्यांना उत्तर पुरवायचे, परीक्षेला बसलेल्या मुलाच्या आईसारखी.

तीन महिन्यांनी एका शुक्रवारी आतून वेगळंच ऐकू आलं. "मला. बोलता. येत. होतं." बाई म्हणाल्या, "छान, काका. सावकाश. परत." परत तेच. मग "मी. मुद्दाम." इथे अडखळायचे, परत पहिल्यापासून सुरू करायचे. बाहेर येताना बाई कौतुकानं म्हणाल्या, "आज काकांनी स्वतःहून वाक्य मागितलं. कुठलं हवंय ते मला खुणांनी समजावण्यात त्यांचा अर्धा तास गेला." मी काही विचारलं नाही. पुढच्या मंगळवारी तेच वाक्य. शुक्रवारी तेच. घरी मी अंघोळीला गेले की हॉलमधून पुटपुटल्याचं ऐकू यायचं, आणि मी दार उघडलं की थांबायचं.

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. त्यांनी डाव्या हातातला चमचा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि एका दमात म्हणाले, "त्या दिवशी मला बोलता येत होतं. मी मुद्दाम बोललो नाही."

पस्तीस वर्षांत या माणसानं स्वतःकडे चूक घेतलेली मी पाहिली नव्हती. हे खरं असेल तर आठ वाजता ते धडधाकट होते, रागावून गप्प बसले होते, आणि माझ्या हातून काही गेलं नाही. खोटं असेल तर त्यांनी एक एक अक्षर गोळा करून, आठ-दहा दिवस घोकून, ते माझ्यासाठी पाठ केलं होतं.

मी विचारलं, "खरंच?"

याचं उत्तर त्यांनी बसवलेलं नव्हतं. तसं उत्तराला शब्दच लागतो असं नाही, मान हलवणं त्यांना हॉस्पिटलातल्या पहिल्या आठवड्यापासून जमत होतं. त्यांनी मान हलवली नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले.

"बरं," मी म्हटलं, "पटलं मला." मग त्यांनी चमचा उचलला.